पिसता येतं ना? मग अर्धं काम झालं

मी २२ वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर होते. नोटा मोजायचं मशीन आमच्याकडं फार उशिरा आलं, तोवर सगळा कारभार अंगठा आणि ओल्या स्पंजावर. कॅशियरला एकच धास्ती असते. दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून एक म्हणून निघून गेल्या, तर संध्याकाळी भरपाई आपल्या खिशातनं. पत्त्यांच्या हातचलाखीत नेमकं उलटं शिकावं लागतं. दोन पानं एक म्हणून गेली पाहिजेत, आणि समोरच्याला त्याचा पत्ता लागता कामा नये. लोकांना वाटतं, नोटा मोजलेला हात म्हणजे मला हे सोपं गेलं असेल. उलट ती जुनी सवय मोडण्यातच माझे सहा महिने गेले.

हे लिहायचं निमित्त माझा भाचा. दहावीची परीक्षा संपली आणि पोरगा मोबाइल पुढ्यात ठेवून पत्ते घेऊन बसला. कॅटचे दोन भाग करायचे, अंगठ्यानं कोपरे सोडत ते एकमेकांत गुंतवायचे आणि कमान करून फर्रर्र खाली पाडायचे, सिनेमातल्या कॅसिनोत करतात तसं. रिफल शफल म्हणतात त्याला. तीन दिवसांनी वहिनीनं खोली झाडली तर पलंगाखालनं अकरा पानं निघाली. मी म्हटलं, "ते राहू दे बाजूला. आपल्यासारखं पिसून दाव." त्यानं टीव्हीकडं बघत बघत पिसलं. एक पान पडलं नाही.

मग त्याला सांगितलं ते इथं सांगते. आपण लहानपणापासून ज्या पद्धतीनं पत्ते पिसतो, म्हणजे एका हातातनं दुसऱ्या हातात थोडी थोडी पानं ओढून पाडत, त्याला जगभरचे जादूगार 'हिंदू शफल' म्हणतात. तिकडच्या लोकांना ते मुद्दाम शिकावं लागतं. आपल्याकडं सातवीतल्या पोरीलाही येतं. आणि गंमत अशी की हातचलाखीला हे पिसणं फार सोयीचं आहे. १९९२ मध्ये डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवून दिलं की रिफल शफल सात वेळा केलं की ५२ पानं पुरेशी मिसळतात. डायकोनिस स्वतः आधी जादूगार, चौदाव्या वर्षी घर सोडून पत्त्यांच्या जादूपाठी गेलेला माणूस. आपलं पिसणं मात्र तेवढं मिसळत नाही. पानं गठ्ठ्यागठ्ठ्यानं जागा बदलतात, गठ्ठ्याच्या आत ती जशीच्या तशी राहतात. मेंढीकोट खेळताना हा दोष. जादू करताना हेच भांडवल.

पानं कुठली घ्यायची

दुकानात दोन मापं मिळतात. दोन्हींची उंची जवळपास सारखी, सुमारे ८८ मिलिमीटर. रुंदीत फरक. ब्रिज मापाचं पान ५७ मिलिमीटर, पोकर मापाचं ६३. जादूची पुस्तकं आणि व्हिडिओ पोकर मापच घ्या म्हणून सांगतात. माझे हात लहान आहेत, मी ब्रिज मापावर शिकले आणि माझं काही अडलं नाही. सहा मिलिमीटर म्हणजे काय लागून गेलंय असं वाटेल, पण करंगळीला विचारा.

पाठीवरच्या नक्षीला चारी बाजूंनी पांढरी चौकट असलेली पानं घ्या. दोन पानं किंचित मागंपुढं झाली तरी त्या पांढऱ्या काठात ते खपून जातं. नक्षी काठापर्यंत भिडलेली असेल तर केसाएवढी चूकही दिसते. संपूर्ण प्लॅस्टिकची, पाण्यात धुता येतात ती पानं सुरुवातीला नकोत. ती साबणाच्या वडीसारखी सटकतात. कागदी, वरनं हलका लेप असलेली बरी.

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये कागदी पानं पापडासारखी फुगतात. पाऊस लागला की मी कॅट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि रात्री त्यावर वजन म्हणून अडकित्ता, खलबत्ता, जे असेल ते ठेवते. रबर लावून ठेवू नका, कडा दबतात आणि मग ते पान अंधारातही ओळखू येतं. चिकटतात म्हणून टाल्कम पावडर चोळणारे पुष्कळ आहेत. दोन दिवस बरं वाटतं, मग तिच्या गुठळ्या होतात. जादूगार वापरतात ती पावडर वेगळी, झिंक स्टिअरेटची. शिकणाऱ्याला तिचीही गरज नाही. हात साबणानं धुवा, पुसा, पाच मिनिटं थांबा. भडंग खाऊन पत्त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम.

जाता जाता एक. इथनं आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा बघितली असेल तुम्ही, गोल पानं, दहा रंग, प्रत्येकाची बारा, एकूण १२०. मी हौसेनं हातात घेऊन बघितली. देखणी आहेत, पण पुढं दोन पानांमधली जी बारीक फट धरायला सांगणार आहे ती धरायला कोपराच नाही. ती जपून ठेवायची चीज.

धरायचं कसं

वाटताना डाव्या हातात कॅट जसा धरतो तसाच. फक्त तीन गोष्टी बघा. अंगठा डाव्या लांब कडेला आडवा टेकलेला, तर्जनी समोरच्या आखूड कडेवर, बाकी तीन बोटं उजव्या लांब कडेला. त्या तिघांची टोकं वरच्या पानाच्या पातळीला जेमतेम लागली पाहिजेत, वर डोकावली नाही पाहिजेत. मूठ आवळायची नाही. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं, असं आमचे आण्णा म्हणायचे, पण ते रमीतली पानं धरण्याबद्दल.

आठवडाभर एवढंच करा. मालिका बघताना, फोनवर बोलताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना कॅट हातात. काहीही करायचं नाही, नुसता धरायचा. सुरुवातीला अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आली की ठेवून द्या. कळ येते म्हणजे तुम्ही आवळताय.

खालचं पान

आण्णा म्हणजे माझे वडील. रविवारी जेवण झालं की तालमीच्या कट्ट्यावर मेंढीकोट, दिवेलागणीपर्यंत. त्यांनी आयुष्यात जादू केली नाही, पण पानं जुळवताना त्यांना खालचं पान दिसायचं. कॅट मांडीवर उभा करून ठोकायचा, कडा सारख्या करायच्या, त्यात तो किंचित आपल्याकडं कलतो आणि खालच्या पानाचा कोपरा डोळ्याला दिसतो. त्या कोपऱ्यातला आकडा आणि रंग पुरे. मुद्दाम वाकून बघितलं की संपलं. नजर आधीपासनं खालीच असली पाहिजे, पानं ठोकणाऱ्या माणसाची असते तशी. त्यांनी पैशाच्या डावाला कधी हात लावला नाही. "ज्याला खालचं पान दिसतं त्यानं पैशाला बसू नये," एवढंच म्हणायचे. मी पण पाळते. तुम्हीही पाळा, नाहीतर पुढचं वाचू नका.

एवढ्या एका नजरेवर पहिला खेळ उभा राहतो. समजा खालचं पान चौकटची पंजी. समोरच्याला कुठलंही पान काढू द्या, बघू द्या, आणि कॅट खाली ठेवून त्याचं पान वर ठेवायला सांगा. मग त्यालाच काटायला सांगा आणि खालचा भाग वर ठेवायला लावा. तळातली पंजी आता बरोबर त्याच्या पानावर जाऊन बसली. आणखी दोनतीनदा काटू द्या, बिघडत नाही, फक्त पिसू द्यायचं नाही. आता वरनं एकेक पान उलटं करत टाकत चला. पंजी पडली की त्यानंतरचं पान त्याचं. क्वचित काटताना पंजी अगदी तळाला जाते. तसं झालं तर त्याचं पान सगळ्यात वर आलेलं असतं.

इथं नवशिके एक चूक करतात. पंजी दिसली की थांबतात आणि पुढचं पान झोकात पुढं करतात. असं करू नका. त्याचं पान पडलं तरी तसंच पुढं चार पानं टाका, थांबा, आणि म्हणा, "पुढचं जे पान मी उलटवीन ते तुझं." तो मनात म्हणतो, फसली बाई, माझं पान तर कधीच गेलं. मग हात कॅटकडं न नेता खाली पडलेल्या पानांतलं त्याचं पान पालथं करा. हा खेळ फार जुना आहे आणि अजून चालतो. माझ्या सासूबाईंवर तीनदा चाललाय.

पिसता पिसता

आता जे अंगवळणी आहे ते सावकाश करून बघू. उजव्या हातात कॅट मागच्या अर्ध्या भागात धरा, अंगठा एका लांब कडेला, मधलं बोट दुसऱ्या. डावा हात खालनं येतो. त्याचा अंगठा एका लांब कडेला, मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या, तर्जनी समोरच्या आखूड कडेला अडसर म्हणून. डाव्या बोटांनी वरची थोडी पानं चिमटीत पकडायची आणि उजव्या हातानं उरलेला कॅट मागं ओढून घ्यायचा. पकडलेली पानं डाव्या तळव्यात पडतात. परत पुढं यायचं, परत वरची थोडी. तुम्ही हे हजारदा केलंय, फक्त उजव्या हातातल्या गठ्ठ्याचं काय होतं ते बघितलं नाही. त्याच्या वरची पानं जातात. त्याच्या तळाचं पान शेवटपर्यंत तेच राहतं.

हे एकदा डोक्यात बसलं की दुसरा खेळ फुकट. तळाला बदाम सत्ती ठेवा. पिसायला लागा आणि समोरच्याला म्हणा, "वाटेल तेव्हा थांब म्हण." तो थांब म्हणाला की हात तिथंच थांबवा, उजवं मनगट वळवून त्या गठ्ठ्याचा तळ त्याला दाखवा, तुम्ही मान दुसरीकडं फिरवा. त्याला वाटतं, मी थांबवलं तिथलं पान. तो दहाव्या पानाला थांबवू दे नाहीतर तिसाव्या, त्याला बदाम सत्तीच दिसणार. मग उजवा गठ्ठा डाव्यावर टाका आणि कॅट त्याच्या हातात द्या, पिस म्हणा. पान कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, आता ते कसं सांगायचं हा तुमचा प्रश्न. माझ्या भाच्यानं आधीच डब्याच्या झाकणाखाली बदाम सत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. कल्पना त्याचीच, माझ्यापेक्षा सरस.

दोन गोष्टी सांभाळा. उजव्या हातात पाच-सहाच पानं उरेपर्यंत पिसत राहू नका, तेवढ्या पातळ गठ्ठ्याचा तळ कोणालाही संशयास्पद वाटतो. लवकर "थांब" म्हणायला लावायचं असेल तर गठ्ठे लहान पाडा आणि हात सावकाश चालवा, माणूस आपोआप घाई करतो. आणि एकाच माणसाला लागोपाठ दोनदा दाखवू नका. दोनदा सत्ती आली की कोल्हापुरात तिसऱ्यांदा पान नाही येत, कॅटच हिसकावून घेतात.

याच पिसण्यातली पुढची पायरी जरा नाजूक आहे, इथं वेळ घाला. समोरच्यानं पान काढलं, बघितलं. तुम्ही पिसायला लागलात, डाव्या हातात निम्मी पानं जमली. थांबा, त्याचं पान डाव्या गठ्ठ्यावर ठेवून घ्या. आता उजवा हात नेहमीसारखा पुढं येतो, वरची पानं डाव्या हाताला देण्यासाठी. पण तो डाव्या गठ्ठ्याच्या वर आला त्या क्षणी उजवा अंगठा आणि मधलं बोट यांची टोकं खाली वाकून डाव्या गठ्ठ्यावरची चार-पाच पानं, त्याच्या पानासकट, कडांनी उचलून नेतात. उचललेली पानं उजव्या गठ्ठ्याच्या खाली राहतात, मध्ये तुमच्याकडच्या आखूड बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी फट. त्याच वेळी डावी बोटं वरनं नेहमीची थोडी पानं ओढून घेतात, त्यामुळं हाताची हालचाल जशी असायला हवी तशीच दिसते. मग पिसत चला. फटीच्या वरची सगळी पानं संपली की उरलेली चार-पाच एका झटक्यात वर टाका. त्याचं पान सगळ्यात वर.

समोरची आखूड बाजू जराशी खाली झुकवून धरा, म्हणजे फट तुम्हालाच दिसेल. फट अंगठ्यानं धरायची, पण अंगठ्याकडं बघायचं नाही. आणि वेग बदलायचा नाही. सगळे इथंच सापडतात. आधी एका लयीत पिसत असतात, पान परत घेतलं की हात जड होतो, मग फट सुरक्षित झाली की परत सुटतो. डोळे मिटून आपल्याच पिसण्याचा आवाज ऐका म्हणावं तर तेही जमत नाही, म्हणून मी भाच्याला डोळे मिटून बसवते आणि मी पिसते. "आत्या, आत्ता केलंस," असं त्यानं आवाजावरनं ओळखलं की मी परत पहिल्यापासनं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली तेव्हा आठवडाभर कामावर जाता आलं नाही, वीज नव्हती, मोबाइल मेलेला. मेणबत्तीपुढं बसून मी एवढी एकच गोष्ट केली. भिंतीवर सावली पडायची आणि सावलीत फट स्पष्ट दिसायची. तसा आरसा परत मिळाला नाही.

दोन पानांचं एक पान

डबल लिफ्ट म्हणतात याला. वरची दोन पानं एकच असल्यासारखी उलटवायची. आधी फट लागते, आणि यावेळी ती करंगळीनं धरायची. कॅट डाव्या हातात, वाटायच्या पकडीत. उजवा हात वरनं येऊन पानं सारखी करतोय असं दिसू दे. उजव्या अंगठ्यानं तुमच्याकडच्या आखूड कडेला वरची पानं हलकेच उचला, एक सुटल्याची टक, दुसरं सुटल्याची टक. कॅशियरला ही टक कळायला शिकवावी लागत नाही, बाकीच्यांनी शंभरदा करावी. दोन पानं उचललीत की डाव्या करंगळीच्या टोकाचं मांस, फक्त मांस, उजव्या मागच्या कोपऱ्यात त्यांच्याखाली सारा. बोट आत घालायचं नाही. फट समोरनं दिसत नाही, वरनं दिसत नाही, तुम्हाला जाणवते तेवढी पुरे.

मग उजव्या हाताचा अंगठा वर, तर्जनी आणि मधलं बोट खाली, अशी दोन पानं उजव्या लांब कडेजवळ धरा आणि वहीचं पान उलटावं तशी डावीकडं उलटा. खाली ठेवताना कॅटच्या पुढं एक सेंटिमीटर काढून ठेवा. तसं ठेवलं की परत उलटताना नवी फट नको, बाहेर आलेलं टोक धरून दोन्ही एकदम पालथी करता येतात.

आता खेळ. पान उलटवलं, समजा किल्वर राणी. "राणी बघितलीस?" परत पालथं केलं. वरचं एक पान, जे खरं म्हणजे राणी नाही, तिचा चेहरा न दाखवता उचला आणि कॅटच्या मध्यात खुपसा. सावकाश, चांगलं दिसेल असं. टिचकी वाजवा. वरचं पान उलटा, राणी वर आली. भाचा यावर "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" म्हणून ओरडतो. ओरडू द्या, तेवढ्यात तुमची पुढची फट धरून होते.

"हे एकच पान आहे" असं कधीही म्हणू नका. कुणी विचारलंच नसतं. आणि दोन पानं धरलीत म्हणून बोटं दाबू नका. एक पान माणूस कसं उचलतो ते आधी दहादा बघा, खरं एकच पान घेऊन. जरा बेफिकीर, जरा वाकडं. डबल लिफ्ट तेवढीच बेफिकीर दिसली पाहिजे. माझ्याकडनं सगळ्यात जास्त वेळ इथं गेला, कारण हात आपोआप दोन नोटा सोडवायला जायचा. अंगठा पुढं सरकवला की वरचं पान बाजूला. सवय.

पहिल्यांदा चारचौघांत केलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आमच्याच कॉलनीत. वीसेक बायका, मधोमध मी. बोटांना तिळगुळाचा चिकटपणा, हातात डझनभर काचेच्या बांगड्या, आणि प्रत्येक चलाखीला बांगड्या किणकिणत होत्या, जणू घंटी वाजवून सांगतायत की बघा, आता करते. पान उलटवलं आणि दोन पानं जिन्यासारखी एकमेकींवरनं घसरली. पहिल्या ओळीत बसलेली सहा वर्षांची पोर ओरडली, "दोन हाईत! काकू, दोन हाईत!" मी म्हटलं, "व्हय की, दोनच हाईत. एक तुझं, एक माझं," आणि एक पान तिच्या हातात दिलं. हसं झालं, पण मोडलं नाही. तेव्हापासनं बांगड्या कोपराकडं सरकवून वर रुमाल बांधते, आणि तिळगूळ नंतर.

साडी नेसणाऱ्या बाईला एक फायदा मात्र आहे. "बाहीत घातलं" म्हणायला बाहीच नाही. पुरुषांना हे सुख नाही.

आणखी एक, थोडक्यात

ग्लाइड शिकून ठेवा, म्हणजे तळाचं पान दाखवायचं आणि काढायचं मात्र दुसरंच. लहान हातांना पटकन जमतं. उजव्या तळहातानं नव्हे, डाव्या हातानं कॅट वरनं पकडायचा, अंगठा एका लांब कडेला, बोटं दुसऱ्या, तळ खाली. मनगट वळवून तळाचं पान दाखवा, परत खाली करा. आता अनामिकेचं टोक तळाच्या पानाला लावून ते एखादा सेंटिमीटर मागं ओढा. उजवा हात समोरनं पान काढायला येतो आणि बोटाला जे लागतं ते तळाचं नसून त्याच्या वरचं असतं. एवढंच आहे ते. बोट कोरडं असेल तर पान सरकत नाही, इथं बोटांवर तोंडाची वाफ सोडायची माझी सवय आहे.

तळव्यात पान लपवणं, म्हणजे पाम, पहिलं वर्षभर करू नका. पान लपतं, पण हात आखडतो, आणि आखडलेला हात रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरनं ओळखू येतो. एका हातानं कॅट काटून फिरवणं, पंखा करणं, हवेत पानं उडवणं यांचा तर मला रागच आहे. सुंदर दिसतं, आणि ते बघून समोरचा सावध होऊन पुढं सरकून बसतो. तो मागं रेलून बसलेला हवा.

डोळे

आरशापुढं सराव करा, पण त्याच्यावर विसंबू नका. आरसा एकाच बाजूनं बघतो. आपल्याकडं लोक डावीकडनं, उजवीकडनं, खांद्यावरनं, एखादं पोर तर मांडीखालनं बघतं. मोबाइल डाव्या बाजूला उभा करून चित्रण करा. पहिल्याच वेळी तुम्हाला एक धक्का बसेल. नेमक्या चलाखीच्या वेळी तुम्ही डोळे मिचकावता. सगळेच मिचकावतात. मन म्हणतं, आता चुकीचं करतोय, आणि पापणी पडते. आरशात हे कधीच दिसत नाही, कारण त्याच क्षणी तुमचे डोळे मिटलेले असतात.

माणूस तुमच्या नजरेमागं जातो. फट धरायच्या वेळी मान वर करा आणि समोरच्याला काहीतरी विचारा, असं की ज्याला उत्तर द्यावं लागेल. "तुमचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं?" हा प्रश्न कोल्हापुरात कधी फुकट जात नाही. उत्तर येतं, त्या उत्तरावर बाजूचा आणखी काहीतरी बोलतो, आणि तेवढ्यात तीन चलाख्या उरकून होतात. हसल्यावरही तसंच. हसताना माणूस हातांकडं बघत नाही.

"परत कर" म्हणणारा प्रत्येक ठिकाणी असतो. परत तेच करायचं नाही. त्याच सुरुवातीचा दुसरा खेळ करा, म्हणजे तो मागच्या वेळी जिथं फसला तिथं डोळे लावून बसतो आणि दुसरीकडं फसतो. आणि कुणी पानं हिसकावून घेतलीच तर देऊन टाका. त्यात काही नसतं. फक्त ५२ पानं आहेत, आणि ती त्याला मोजू द्या.

सराव दिवसाला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन तास बसलात तर चुकासुद्धा पाठ होतात. किती महिने लागतील ते विचारू नका. पहिले दोन खेळ या रविवारी करता येतील. फट धरून पिसणं पावसाळाभर. डबल लिफ्टचं मी सांगितलंच.

गेल्या दिवाळीत माहेरी होते. आण्णा आता कट्ट्यावर जात नाहीत, त्यांचे तिघं जोडीदारच घरी येतात. पाडव्याच्या दुपारी चौघं बसले होते, आण्णांचे हात थरथरतात म्हणून पिसायला पानं माझ्याकडं दिली. मला खोडी सुचली. मागच्या डावातनं पानं गोळा करताना इस्पिकची दश्शी वर ठेवली आणि पिसायला घेतलं. फट, अंगठा, एक लय, शेवटी चार पानं वर. मेंढीकोटात दश्शीसाठी माणसं भांडतात, आणि ती माझ्या हाताखाली सगळ्यात वर. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. तिघांची गप्प न होणारी चर्चा उसाच्या दरावर चालली होती. मी कॅट काटायला शेजारच्या काकांपुढं धरला. ते म्हणाले, "राहू दे पोरी, वाट."

आण्णांनी हात लांब केला, काही न बोलता पानं काटली, आणि परत लोडाला टेकले.